चर्चा: फंको अडचणीत आली ती टॅरिफमुळे, की स्वतःच्याच मालाखाली दबून?

कपाटवाला (धागालेखक)

ऑगस्ट 2025 मध्ये फंको कंपनीने अमेरिकेत जी तिमाही कागदपत्रं दाखल केली, त्यात लिहिलं होतं की पुढचं वर्षभर व्यवसाय चालू ठेवता येईल की नाही याबद्दल मोठी शंका आहे. त्या तिमाहीत विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी खाली आली होती. तेव्हापासून आपल्या कलेक्टर मंडळींत एकच सूर ऐकू येतो: ट्रंपच्या टॅरिफने, म्हणजे आयात मालावरच्या वाढीव शुल्काने, कंपनीचं वाटोळं केलं. मला हे मुळीच पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फंको म्हणजे 'पॉप' नावाच्या फिगर बनवणारी कंपनी. मोठं चौकोनी डोकं, काळे गोल डोळे, उंची साधारण पावणेचार इंच, आणि समोरून दिसेल असा खिडकीचा खोका. 1998 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात छोटेखानी सुरुवात झाली, 2005 मध्ये मालकी बदलली आणि 2010 मध्ये पॉप आले. सिनेमा, मालिका, गेम, खेळाडू, गायक, अगदी खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतली पात्रंसुद्धा त्यांनी बनवली. हजारावर परवाने गोळा केले. तेव्हा किंमत 10-12 डॉलर, म्हणजे तिथल्या माणसाला सहज परवडेल अशी.

नोव्हेंबर 2017 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. 12 डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी 7 डॉलरच्या आसपास बंद झाला. गुंतवणूकदारांच्या मनातली भीती उघड होती. बीनी बेबीजचं काय झालं ते ते विसरले नव्हते. त्या छोट्या कापडी प्राण्यांसाठी नव्वदच्या दशकात अमेरिका वेडी झाली होती. 1999 मध्ये लास वेगासच्या एका घटस्फोटाच्या खटल्यात नवराबायकोने कोर्टाच्या फरशीवर बसून ते वाटून घेतले होते. पुढे त्या प्राण्यांना कोणी विचारेना.

महामारीत मात्र फंकोचं नशीब फळफळलं. लोक घरात अडकलेले, हातात थोडा पैसा. 2021 मध्ये विक्री 100 कोटी डॉलरच्या पुढे गेली, 2022 मध्ये 132 कोटी. आता माझा मुद्दा. त्याच 2022 च्या अखेरीस गोदामात 24.6 कोटी डॉलरचा माल पडून होता, वर्षभरापूर्वीपेक्षा 48 टक्के जास्त. अ‍ॅरिझोनातलं बकाय इथलं नवंकोरं गोदाम ओसंडून वाहत होतं आणि उरलेला माल ठेवायला कंटेनर भाड्याने घ्यावे लागत होते. मार्च 2023 मध्ये कंपनीने जाहीर केलं की 3 ते 3.6 कोटी डॉलरचा माल नष्ट करणार, कारण तो सांभाळण्याचा खर्च परवडत नाही. तेव्हा चिनी मालावरचं 145 टक्के टॅरिफ कुठे होतं? ट्रंप तरी कुठे सत्तेत होते?

कंपनीने खोक्यावर 'एक्सक्लुझिव्ह', 'लिमिटेड', 'चेस' असे स्टिकर चिकटवून दुर्मीळता विकली आणि कारखान्यात मात्र अमाप माल काढला. दोन्ही एकत्र चालत नाही. ज्या पात्राचे शंभर चाहते आहेत त्याचाही पॉप, ज्याचे कोटी आहेत त्याचेही वेगवेगळ्या कपड्यांतले डझनभर पॉप. दुकानांनी ऑर्डर दिली की कंपनीने ती चाहत्यांची मागणी समजली. प्रत्यक्षात माल कारखान्यातून दुकानात गेला होता, दुकानातून घरात गेला नव्हता. या धंद्यातला सगळा घात या दोन टप्प्यांमधल्या जागेत होतो असं माझं ठाम मत आहे.

मी स्वतः पॉप जमवतो आणि त्यावर माझं प्रेम आहे. म्हणूनच कंपनीच्या चुकीला 'बाहेरचं संकट' म्हणून पांघरूण घातलेलं बघवत नाही.

ताळेबंद

सपशेल असहमत. तुम्ही एकाच कंपनीचा 2022 चा साठा उचलून त्यावर सिद्धांत उभा केलात. त्या वर्षी कोणाचं गोदाम रिकामं होतं? टार्गेटसारख्या बलाढ्य दुकान-साखळीने जास्तीचा माल काढायला भाव पाडले. खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोने 2023 मध्ये आधी सुमारे 1,000 आणि डिसेंबरात आणखी 1,100 नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. 2021 मध्ये जहाजं वेळेवर येत नव्हती, कंटेनरचं भाडं आभाळाला भिडलं होतं. दिवाळीचा माल संक्रांतीला पोचेल या धास्तीने सगळ्यांनीच जास्त आणि लवकर मागवलं, आणि मग तो सगळा एकदमच येऊन धडकला. यात 'दुर्मीळता विकली' वगैरे काही नाही. मागणीचा अंदाज चुकला, आणि तो सगळ्यांचाच चुकला.

फंकोचं जास्त बिघडलं ते कारभारामुळे. 2022 मध्ये गोदाम वॉशिंग्टन राज्यातून थेट अ‍ॅरिझोनात हलवलं, धंदा ऐन भरात असताना. त्याच सुमारास हिशेब, साठा आणि ऑर्डरी एकत्र सांभाळणारी नवी संगणकप्रणाली बसवायला घेतली, ती अर्ध्यावर सोडून दिली आणि 3 कोटी 25 लाख डॉलर बुडीत खाती टाकले. ही रक्कम नष्ट केलेल्या मालाच्या तोडीची आहे, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण कचऱ्यात जाणाऱ्या बाहुल्यांचा फोटो डोळ्यांपुढे येतो, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचा येत नाही.

शिवाय कंपनीप्रमुखाच्या खुर्चीवरची माणसं पाहा. जानेवारी 2022 मध्ये मारिओटींच्या जागी पर्लमटर, वर्ष संपायच्या आत पुन्हा मारिओटी, 2023 च्या मध्यावर हंगामी म्हणून लन्सफर्ड, मे 2024 मध्ये सिंथिया विल्यम्स, जुलै 2025 मध्ये त्याही बाहेर, सप्टेंबरात नेटफ्लिक्समधून आलेले जॉश सायमन. या धंद्यात आज परवाना घेतलेली फिगर दुकानात यायला कित्येक महिने जातात. एकाने घेतलेला निर्णय निस्तरायला दुसराच माणूस हजर, अशी स्थिती.

एवढं होऊनही 2024 मध्ये विक्री 105 कोटी डॉलर होती. आजारी माणूस होता, पण चालता-फिरता होता. मग एप्रिल 2025 मध्ये चिनी मालावर 145 टक्के. महिनाभराने ते खाली आलं, पण तेवढ्या काळात दुकानांनी हात आखडले. आधीच कर्ज असलेल्या कंपनीला एक तिमाही विक्री थांबणं पुरेसं असतं. तेव्हा टॅरिफला निर्दोष सोडून देऊ नका.

लक्ष्मी रोडचा दुकानदार

दोघांचंही वाचलं. मी माल विकणारा माणूस आहे, पुण्यात खेळणी आणि भेटवस्तूंचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या आतून काय दिसतं ते सांगतो.

कपाटवाले म्हणतात ती दोन टप्प्यांमधली जागा म्हणजे आम्हीच. फिगरचा माल सुटा येत नाही, केसमध्ये, म्हणजे अनेक नगांच्या मोठ्या खोक्यात येतो. पॉपमध्ये 'चेस' म्हणजे तीच फिगर थोड्या वेगळ्या रंगात किंवा मुद्रेत, साधारण 6 मागे 1. गिऱ्हाईक त्या एकासाठी फोन करतं. ती पहिल्याच दिवशी जाते. उरलेल्यांतल्या दोन-तीन हळूहळू जातात आणि बाकीच्या मरका माल म्हणून मागच्या फळीवर.

दुसरी गोष्ट याहून त्रासाची. कंपनीचं नाव घेत नाही आणि आयातदाराचंही घेणार नाही, पण एका आयातदाराचा आमच्याशी व्यवहार असा होता: सगळ्यांना हवी असलेली फिगर हवी असेल तर सोबत या चार मालिकांचा मालही घ्या. ज्या मालिका इथे कोणी पाहिलेल्याच नाहीत. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी चांगल्या मालात आमचा नंबर शेवटी. मग घ्यायचा. वरून कोणी आमची ऑर्डर बघेल तर त्याला वाटेल, पुण्यात या पात्राला काय मागणी आहे! मागणी कसली, भांडवल अडकलेलं असतं.

ताळेबंद साहेब, तुम्ही म्हणता अंदाज चुकला. साहेब, साखर-तेलाचा अंदाज चुकला तर भाव थोडा पाडला की माल निघतो. फिगरला तसा उठाव येत नाही. सिनेमा येऊन गेला की त्या पात्राचं खोकं अर्ध्या भावातही हलत नाही. आणि अर्ध्या भावात लावलं तर ज्याने पूर्ण पैसे दिले तो कलेक्टर दुकानात येऊन विचारतो, "काका, आम्हालाच का लुटलंत?" त्याचंही बरोबर असतं.

आरस्पानी

मला कपाटवाल्यांच्या मूळ गृहीतकावरच आक्षेप आहे. 'फार बनवले' हा गुन्हा कसा? माझ्यासारख्या बाईला, जिला पुनर्विक्रीत काडीचा रस नाही, पॉपने पहिल्यांदा असं काही दिलं जे दुसरं कोणी देत नव्हतं. टीव्हीवर शांतपणे डोंगर आणि झाडं रंगवायला शिकवणारा बॉब रॉस, त्याची फिगर दुसऱ्या कोणत्या मोठ्या कंपनीने बनवली असती? हातात रंगांची पाटी, कुरळ्या केसांचा तो डोंगर. माझ्या कामाच्या टेबलावर आहे, खोक्याबाहेर.

आधीची सगळी कलेक्टर दुनिया मारामारीच्या पुरुष पात्रांची होती. चांगली फिगर हवी तर महागडी, आणि ती बनणार कोणाची हे ठरवणार मोजके लोक. फंकोने एकच साचेबद्ध शैली ठेवली, त्यामुळे नवी फिगर आखायला वेळ आणि पैसा कमी लागला आणि बारीकसारीक पात्रांनाही जागा मिळाली. तुम्ही ज्याला कंपनीचा मूर्खपणा म्हणता, तीच तिने आमच्यासाठी केलेली चांगली गोष्ट आहे. शंभर चाहत्यांच्या पात्राचा पॉप निघाला, तर त्या शंभरांत मी असते.

माझ्या मते घात केला तो खोका न उघडणाऱ्यांनी. खोक्याचा कोपरा दबला म्हणून फिगर परत करणारे, भाव दाखवणारी अ‍ॅप रोज उघडून 'माझ्या कपाटाची किंमत अमुक डॉलर' असं मोजणारे. ते खेळणं विकत घेत नव्हते. भाव उतरले तसे तेच आधी पळाले.

कपाटवाला

आरस्पानी ताई, बॉब रॉसबद्दल एक शब्दही वाकडा बोलणार नाही, माझ्याकडेही आहे. पण शंभर चाहत्यांसाठी बनवायचं तर शंभरांच्या हिशेबाने बनवायला हवं. फिगरसाठी पोलादी साचा पाडावा लागतो, परवाना देणाऱ्याला रॉयल्टी द्यावी लागते, आणि बहुतेक करारांत माल खपो न खपो, ठरलेली किमान रक्कम द्यावीच लागते. एवढा खर्च झाला की कारखाना म्हणतो, थोडे काढून परवडत नाही, भरपूर काढा. बारीक पात्रांवरचं तुमचं प्रेम खरं आहे, पण कंपनीने ते हजारो नगांच्या भाषेत वाचलं.

आणि खोका न उघडणाऱ्यांना दोष देताना हेही बघा, की खोक्यावर क्रमांक कोणी छापला? कोणती फिगर फक्त कोणत्या दुकानात मिळेल हे कोणी ठरवलं? जुने पॉप 'व्हॉल्ट'मध्ये गेले, आता बनणार नाहीत, हे कोणी जाहीर केलं? सट्टेबाज आपोआप जन्माला आले नाहीत, त्यांना आवतण गेलं होतं. बीनी बेबीजच्या कंपनीनेही तेच केलं होतं. प्राणी 'निवृत्त' करत राहिली, आणि 1999 मध्ये तर सगळेच वर्षअखेर बंद करणार म्हणाली, मग लोकांचं मतदान घेऊन पुन्हा चालू केले. गिऱ्हाइकाचा विश्वास अशा खेळात कायमचा जातो.

उसगावकर

न्यू जर्सीत राहतो. इथे बसून मला वाटतं, तुम्ही सगळे एका कंपनीभोवतीच घुटमळताय. आधी दुकानं मेली, मग खेळणी. खेळण्यांची मोठी दुकान-साखळी टॉईज आर अस 2018 मध्ये अमेरिकेत बंद झाली. 2005 मध्ये गुंतवणूक कंपन्यांनी ते कर्ज काढून विकत घेतलं आणि कर्जाचा बोजा दुकानावरच टाकला. दरवर्षी व्याजातच 40 कोटी डॉलरच्या वर जात होते; नवी दुकानं, चांगली वेबसाइट यासाठी उरणार काय? माझा मुलगा जिथे दर वाढदिवसाला एक फिगर निवडायचा ती जागाच गेली.

जानेवारी 2025 मध्ये डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्सने दिवाळखोरी अर्ज केला. अमेरिकेतल्या कॉमिकच्या छोट्या दुकानांना अनेक दशकं माल पुरवणारी कंपनी, तिचा स्वतःचा फिगर आणि पुतळ्यांचा विभागही होता. पुढे तर छोट्या प्रकाशकांनी कन्साइनमेंटवर ठेवलेला माल, म्हणजे मालकी प्रकाशकांची आणि ठेवलेला फक्त त्यांच्या गोदामात, तोही विकून कर्ज देणाऱ्या बँकेचे पैसे फेडायचा प्रयत्न झाला. प्रकाशक कोर्टात गेले. मधला माणूस असा कोसळला की दोन्ही टोकांची माणसं मरतात. यात फंकोच्या स्टिकरचा काय संबंध?

लालपिवळा

लबूबूबद्दल, म्हणजे चीनच्या पॉप मार्ट कंपनीच्या त्या बाहुलीबद्दल, कोणीच कसं बोललं नाही? कपाटवाल्यांचं खरं मानलं तर पॉप मार्टने उलटं केलं: माल कमी, रांगा लांब, आत काय आहे ते न दाखवणारा ब्लाइंड बॉक्स, 'सिक्रेट' फिगर 72 मागे 1. 2024 मध्ये विक्री 1,304 कोटी युआन, आणि 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांतच 1,388 कोटी. मग हाच मार्ग बरोबर म्हणायचा का?

मी तरी म्हणणार नाही. हा लहान मुलांच्या हातात दिलेला मटका आहे. खुद्द चीनने 2023 मध्ये 8 वर्षांखालच्या मुलांना ब्लाइंड बॉक्स विकू नका असं सांगितलं, त्यावरून काय ते समजा. आणि जून 2025 मध्ये कंपनीने ऑनलाइन मोठा साठा खुला केला तर पुनर्विक्रीचे भाव धाडकन पडले. म्हणजे माल वाढवला की भाव पडतो, नाही वाढवला तर काळाबाजार आणि नकली माल. आपल्याकडे रस्त्यावर बॅगेला लटकलेले निम्मेअधिक लबूबू नकली असावेत असं मला दिसतं.

ठाणे वेस्ट

हॉट व्हील्सवाला, म्हणजे त्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या जमवणारा, बोलतोय. ज्यांना वाटतं की सट्टेबाजी ही महागड्या फिगरचीच गोष्ट आहे, त्यांनी सुपरमार्केट उघडायच्या वेळी खेळण्यांच्या रॅकपाशी जाऊन बघावं. कार्डावर गाडीच्या मागे ज्वाळेचं सोनेरी चिन्ह, गाडीवर टीएच, रबराची खरी चाकं, चमकदार रंग: ही दुर्मीळ 'सुपर ट्रेझर हंट' गाडी. ती रॅकवर लागायच्या आधीच गेलेली असते. पेगवर, म्हणजे रॅकच्या खुंटीवर, उरतात त्या कोणालाच नको असलेल्या गाड्या, आणि आईचा हात धरून आलेलं पोर त्यातलीच एक निवडतं. आतल्या माणसाशी संधान असलेला विक्रेता केसच्या केस उचलतो आणि रात्री ग्रुपवर पाचपट, दहापट भाव टाकतो.

त्यात आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. जानेवारी 2021 पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्रही सक्तीचं. नियमाच्या व्याख्येत 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी असलेली वस्तू असं आहे. चाळिशीतल्या माणसाच्या काचेच्या कपाटातली फिगर त्यात बसते का, यावर बंदरात वाद घालत बसायला छोट्या आयातदाराकडे ना वेळ ना पैसा. टॅरिफने धंदा मोडतो की नाही हे ताळेबंद यांनी अमेरिकेवरून सांगितलं, ते आपण इथे आधीच भोगतोय. इथे मी त्यांच्या बाजूने.

लक्ष्मी रोडचा दुकानदार

ठाणेकर, शुल्काचा त्रास खराच आहे. पण शुल्क वाढल्यावर माझा चांगला माल थोडा कमी विकला गेला, आणि पडून होता तो तसाच पडून राहिला. शुल्काने वाईट माल वाईट केला नाही.

ताळेबंद

दुकानदार काका, तुमचं हे वाक्य मी कागदावर लिहून ठेवलंय. तरी कपाटवाल्यांच्या निष्कर्षाला माझा विरोध कायम आहे, कारण अमाप प्रकार असूनही सावरलेली कंपनी आपल्यासमोर आहे. 2003-04 मध्ये लेगो बुडायच्या बेतात होती. 2004 मध्ये क्नुडस्टॉर्प प्रमुख झाले, वेगवेगळ्या सुट्या भागांची संख्या सुमारे 13 हजारांवरून 7 हजारांच्या आसपास आणली, थीम पार्क विकून टाकले. तिथेही बाहेरचे म्हणत होते की व्हिडिओ गेमच्या जमान्यात प्लास्टिकच्या विटा कोण घेणार. मागणी होती, शिस्त नव्हती. फंकोचंही तेच आहे. कारभार सुधारा, कर्ज कमी करा, धंदा तगेल. पुढच्या दोन वार्षिक अहवालांत साठा आणि विक्री यांचं प्रमाण बघूया. टॅरिफचा धक्का ओसरल्यावरही साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढला, तर मी तुमची बाजू मान्य करेन.

कपाटवाला

लेगोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, ताळेबंद. त्यांनी सुधारणा केली ती प्रकार निम्म्यावर आणून. शिवाय लेगोच्या विटा एकमेकींत बसतात. गेल्या वर्षीचा डबा यावर्षीच्याला जोडून मूल नवं काही बनवतं. पॉपला तसं करता येत नाही, म्हणून त्यांना लेगोपेक्षा जास्त काटकसर हवी.

तुमची कसोटी मात्र मला अपुरी वाटते. अहवालातला साठा म्हणजे कंपनीच्या गोदामातला साठा. दुकानात गेलेला माल त्यात 'विक्री' म्हणून नोंदला जातो, मग तो लक्ष्मी रोडवर काकांच्या मागच्या फळीवर का पडलेला असेना. 2022 ची 132 कोटींची विक्रमी विक्री अशीच दिसली होती. मला बघायचंय ते हे, की कंपनी दरवर्षी नवे प्रकार किती आणते आणि तीच दुकानं तीच फिगर दुसऱ्यांदा मागवतात का.

लक्ष्मी रोडचा दुकानदार

दुसऱ्यांदा मागवलेल्या फिगर माझ्या वहीत आहेत, सगळ्या एका पानावर मावतात. पहिल्यांदा मागवलेल्यांना वही पुरत नाही. उद्या दुकान उघडल्यावर त्या पानाचा फोटो टाकतो, मग ताळेबंद साहेबांनी सांगावं.